शालू, कोणी मेलं नव्हतं

शालू,

हे मी तुझ्यापुढे कधी बोललो नाही. माझ्या बायकोला, सुमतीलाही सांगितलं नाही, आणि आता तीही नाही. इतकी वर्षं टाळत आलो. आधी वाटायचं, तू जरा सावर, मग सांगू. तू सावरलीस तेव्हा वाटलं, आता कशाला खपली काढायची. मी जन्मभर मुलांच्या सबबी ऐकल्या. स्वतःच्या मात्र एकीलाही कधी वर्गाबाहेर काढलं नाही.

परवा रोह्याला तुझ्या आश्रमात सगळे जमले होते. तुझ्या फोटोला झेंडूचा हार होता. आश्रम चालवणाऱ्या ताई बोलायला उभ्या राहिल्या आणि तुझ्याबद्दल सांगता सांगता माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "भाऊंनी वेळेवर दार उघडलं म्हणून शालू आपल्याला मिळाली. असे घरमालक आता कुठे राहिले?" सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी हात जोडले. पेणला परत येताना एसटीत तेच हात मांडीवर घेऊन बसलो होतो. कुणा दुसऱ्याचे असावेत तसे.

म्हणून हे लिहितो. परवा जे तिथे होते, त्यांनीही वाचावं.

आमच्या घरामागची पत्र्याची चाळ तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार. शेवटची खोली तुझी आणि तुझ्या आईची. पुढे एक खोली, मागे चूल आणि मोरी, आणि तिथून आमच्या परसात उघडणारं दार. त्या दारातून तू दिवसातून कितीदा यायचीस त्याला हिशेब नव्हता. वय चाळिशीला टेकलेलं, पण मन कुठेतरी दहाव्या वर्षी बसून राहिलेलं. तुझी आई म्हणायची, "देवाने घाईत बनवली हो माझी पोर, पन घासली मात्र चांगली."

घासायचं काम तुझंच होतं. जोहे गावच्या गणपतीच्या कारखान्यात कच्च्या मूर्ती पॉलिश पेपरने घासायच्या. सकाळी बायकांबरोबर मिनिडोरने जायचीस आणि संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होऊन यायचीस. सुमती परसातून ओरडायची, "भूत आलं गो बाय! आधी पाय धू, मग चहा." तू भुतासारखे हात करून तिच्या अंगावर जायचीस. त्या हातांचे ठसे तिच्या पातळावर कितीदा राहिले!

आणि गणपती. आपल्या चाळीची रीत होती की पहिल्या दिवशी मालकाने प्रत्येक खोलीत दर्शनाला जायचं. एरवी भाडेकरूच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं माझ्या वडिलांनी शिकवलेलं. वर्षातून तो एकच दिवस मी तुमची घरं आतून बघायचो. तुझ्याकडे शेवटी यायचो आणि तू तांब्या घेऊन दारात उभी असायचीस. उशीर झाला की फुगायचीस. "सगल्यांकडं आधी जाता. माझा गनपती काय सवतीचा?" मग आमच्या घरी येऊन आमच्या मूर्तीच्या पाठीवरून हात फिरवायचीस आणि तोंड वाकडं करायचीस. "पाठ नाय घासली. खरबरीत हाय." मी म्हणायचो, "अगो, पाठ कोण बघतो?" तू म्हणायचीस, "मी बगते ना." हे भांडण आपण दर वर्षी केलं. तुझं म्हणणं बरोबर होतं, हे मला फार उशिरा कळलं.

तुझी आई गेली त्या आजारपणात तिने मला बोलावून घेतलं होतं. म्हणाली, "भाऊ, ही खोली माझ्यामागं तिचीच ऱ्हाऊ दे. आनि दारावर नजर ठेवा. तिला दार लावायचं कळतं, पन कोनासाठी उघडायचं ते नाय कळत." मी म्हणालो, "काळजी करू नका." म्हणायला किती सोपं असतं.

वर्ष होतं न होतं तोच दिगंबर आला. तुमच्या भावकीतला, लांबचा चुलतभाऊ. डोलवीला कंपनीत कंत्राटदाराकडे माणसं पुरवायचा. वाकून नमस्कार केला. म्हणाला, "भाऊ, बहीन एकटी हाय. मी ऱ्हातो तिच्याजवल." मला सुटल्यासारखं झालं, शालू. तुझी जबाबदारी त्याच्यावर ढकलता आली. आणि दुसरंही एक होतं, तेही सांगून टाकतो. मला चाळ पाडून इमारत बांधायची होती. बाकीचे जायला तयार होते. तू कुठे जाणार हा प्रश्न होता. दिगा एकदा सहज बोलल्यासारखं बोलला, "शालूला मी गावाला नेईन भाऊ. तुमची खोली मोकली करून देतो. थोडं थांबा." मी थांबलो. त्याच्या कशाकडेही बघायचं नाही, असं ठरवून थांबलो.

पुढच्या दारात परक्या माणसांच्या चपला दिसू लागल्या. कंपनीत शिफ्टला जाणारी माणसं, त्यांना त्याने पैसे घेऊन पुढची खोली झोपायला दिलेली. तुझं परसात येणं कमी झालं, मग थांबलं. मागच्या खिडकीला आतून वर्तमानपत्रं चिकटवली गेली. मग परसदाराला बाहेरून कुलूप लागलं. मी विचारलं तर दिगा म्हणाला, "चोऱ्या होतात भाऊ." ते कुलूप मी रोज फुलं काढताना बघत होतो. पितळी होतं, नवंकोरं.

ऐन हंगामात कारखान्याचा मालक भेटला. म्हणाला, "गुरुजी, शालू कुठाय? गणपती तोंडावर आलेत आणि ती नाय, असं कधी झालंच नाय." मी म्हणालो, "बरं नाही तिला." हे मला दिगाने सांगितलं होतं. त्याचं वाक्य माझ्या तोंडून किती सहज बाहेर पडलं!

मग गणपतीच्या दोन दिवस आधी दिगा अंगणात आला. पायऱ्यांच्या खाली, लांब उभा राहिला. चेहरा पाडलेला. "भाऊ, आमच्याकडं यंदा गनपती नाय. खांब गावचा नामदेवकाका गेला. सुतक हाय. तुम्ही दर्शनाला येऊ नका."

सुतकाच्या घरात कोणी जात नाही, तिथलं पाणी पीत नाही. सणासुदीला तर नाहीच. दाराला कुलूप घालण्यापेक्षा हा शब्द मोठा. चाळीत सगळ्यांनी हळहळ केली आणि तुझ्या दारावरून बाजूने जायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मी रीतीप्रमाणे खोल्या फिरलो. सगळीकडे आरत्या, टाळ, लायटिंग. तुझ्या दाराशी आलो तेव्हा आत पंखा फिरत होता, तेवढा आवाज. मी उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार केला. कोणाला केला, कोण जाणे.

आता ते सांगतो, जे कोणालाच माहीत नाही.

गौरीच्या जेवणाला मी रोह्याला सुमतीच्या माहेरी निघालो होतो. ती आदल्या दिवशीच पुढे गेली होती. कोलाडमार्गे जाणारी एसटी. हायवेला गणपतीची गर्दी, गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. खांबला गाडी थांबली ती हलेचना. मी खाली उतरून टपरीवर गेलो. बाकड्यावर एक म्हातारा बशीतून चहा पीत होता. शेजारी पिशवी, पिशवीत तेरडा आणि तांबडी जास्वंद. त्याने वर बघितलं आणि हसला. "गुरुजी! वलखलात का? शालूचा चुलता मी."

नामदेवकाका.

मी मेलेल्या माणसाशेजारी बसलो, शालू. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडचं ऐकलं. लई वाईट झालं. कोन गेलं वो?"

मला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, "मी शालूला गौरीला आनायला येनार व्हतो. नवीन लुगडं घेतलंय तिला. तर दिगाचा फोन आला, येऊ नको, मालकाच्या घरात मयत झालीय, चाळीत सुतक हाय. मंग म्हटलं नको. सुतकातून पोरीला कशी आनू?"

बघ काय केलं होतं त्याने. आम्हाला सांगितलं, काका गेला. काकाला सांगितलं, आमच्यातलं कोणी गेलं. दोन्हीकडची माणसं जिवंत, दोन्हीकडची एकमेकांचं सुतक पाळत बसलेली, आणि मध्ये तू.

त्या क्षणी मला सगळं कळलं. कुलूप, वर्तमानपत्रं, चपला, सगळं एका ओळीत. मी एवढंच म्हणायचं होतं, "काका, आमच्याकडे कोणी गेलं नाही. चला, आत्ताच्या आत्ता पेणला जाऊ." तो पिशवी टाकून उठला असता.

मी म्हणालो, "हो. आहे तसं थोडं."

का म्हणालो? भीती नव्हती. लाज होती. खरं बोललो असतो तर त्याने पहिला प्रश्न विचारला असता, "गुरुजी, मंग तुम्ही इतके दिवस काय बगत व्हता?" आणि मला ते ऐकायचं नव्हतं, एवढंच. आणि खोली मोकळी होणार होती. काकाने मान हलवली. "देवाची मर्जी," म्हणाला. गाडीने हॉर्न दिला. चढताना मागे बघितलं तर तो पिशवीतली फुलं सारखी करत होता. चहा त्यानेच पाजला होता मला.

रोह्याला मी जेवलो. भाजी-भाकरीचा नैवेद्य, खीर, वडे, सगळं. सुमती म्हणाली, "आज बोलत का नाही?" म्हटलं, प्रवासाने डोकं दुखतंय.

परत आल्यावर परसात फुलं काढताना तो आवाज ऐकला. खर्र... खर्र... थांबून पुन्हा खर्र. तुझ्या मागच्या भिंतीतून. मी ओळखला. तो आवाज न ओळखायला मी पेणचा नव्हतो का? पण मनाशी म्हणालो, घूस असेल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आणखी हळू. मी घरात जाऊन रेडिओ मोठा केला. नंतर नंतर फुलं पुढच्या अंगणातली काढू लागलो.

सुमतीला मात्र सुतकाचा हिशेब पक्का. अनंत चतुर्दशी झाली आणि ती म्हणाली, "सुतक फिटलं की माणसं घर धुतात. त्यांच्या दारात पाण्याचा थेंब नाही. बारावं नाही, तेरावं नाही. गेलंय तरी कोण?" मी पेपर वर धरला.  ती स्वयंपाकघरात गेली आणि वरवंटा घेऊन परसात उतरली. भर दुपारी, सगळ्या चाळीसमोर. मी मागून म्हणालो, "अगो, दुसऱ्याचं घर आहे." ती वळलीसुद्धा नाही. "घर आपलं आहे," म्हणाली आणि कुलपावर घाव घातला.

तिने दार उघडलं, शालू. मी नाही. हे एकदा नीट नोंदवलं गेलं पाहिजे.

तू मोरीजवळ गोणत्यावर बसली होतीस, मधल्या दाराला पुढच्या खोलीतून कडी घातलेली. पायावर उकळती पेज सांडून पाय भाजलेला, त्यावर मळकं फडकं, आणि तो वास. हातात पॉलिश पेपरचा झिजलेला तुकडा. तुझ्यामागच्या भिंतीवर ताटाएवढी जागा आरशासारखी गुळगुळीत झालेली. सुमतीने तुला कवेत घेतलं आणि तू तिला पहिलं वाक्य काय म्हणालीस ते मी दारात उभा राहून ऐकलं. "वहिनी, मी आवाज नाय केला. खोली ऱ्हायली ना माझी?"

दिगाने तुला सांगितलं होतं, ओरडलीस तर भाऊ खोली काढून घेतील. त्याने माझ्या नावाचं कुलूप तुझ्या तोंडाला लावलं होतं.

पुढच्या खोलीत राहणाऱ्या माणसांपैकी एकजण पोलिसांपुढे रडला. "आम्हाला सांगितलेलं ती येडी हाय, अंगावर येते. आनि मालक शेजारीच ऱ्हातात. वाटलं, त्यांना म्हाईत असंल." दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर पाऊल वाचलं असतं. मी मनात खांबच्या टपरीवर गेलो. तेव्हापासून तिथेच आहे.

नामदेवकाका धावत आला. तुझ्याजवळ बसला, रडला. मग बाहेर व्हरांड्यात आला. माझ्यासमोर थांबला आणि फक्त बघितलं. कोणालाही काही सांगितलं नाही. पुढे तो खरोखरच गेला तेव्हा मला त्याच्या घरी जायचं धैर्य झालं नाही.

आणि दिगा. पोलिसांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊंना सगलं म्हाईत व्हतं." सगळे त्याच्यावर तुटून पडले. एवढ्या मोठ्या शिक्षकाचं नाव घेतोस? सगळ्या प्रकरणात तो माणूस तेवढं एकच खरं बोलला, आणि तेवढंच कोणी मानलं नाही. तो थोड्या दिवसांनी सुटला. अजून कधीतरी पेणच्या स्टँडवर दिसतो. लांबूनच हात उंचावतो. "भाऊ, बरं हाय ना?" असं विचारतो, जसं एकाच गावचे दोघे परमुलखात भेटावेत. माझाही हात अर्धा वर जातो. नंतर दिवसभर अन्न गोड लागत नाही.

चाळ पडली. इमारत उभी राहिली. जेसीबीने ती गुळगुळीत भिंत एका धक्क्यात खाली घेतली. तुला रोह्याच्या आश्रमात ठेवलं. लोक म्हणाले, भाऊंनी केवढी सोय केली. सोय कोणाची झाली ते तू कधी विचारलं नाहीस.

आता त्या इमारतीत मी सोसायटीचा अध्यक्ष आहे. दुसऱ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहतात, त्यांचा भाचा मधूनमधून येतो. मध्यंतरी कमिटीत कोणीतरी म्हणालं, "मेन्टेनन्स वेळेवर येतो ना? मग आपण कशाला नाक खुपसायचं?" मी उठलो आणि त्यांच्या दाराशी जाऊन बेल वाजवली. भाचा म्हणाला, "मावशी झोपलीय." म्हटलं, थांबतो. थांबलो. बाई बाहेर आल्या, दोन शब्द बोलल्या, मगच हललो. आता पोरं मला नारदमुनी म्हणतात. म्हणू देत. नळ, पत्रा आणि ओल बघितली की घरमालकाचं काम संपलं असं मला वाटायचं. पण दार लावलेलं आहे की कोणीतरी लावून घेतलंय, हे रोज त्या दारावरून जाणाऱ्यालाच दिसतं. पोलिसांना ते मागाहून दिसतं. डॉक्टरला त्याहून मागाहून.

रोह्याला मी तुझ्याकडे यायचो, तू कुबडी घेऊन व्हरांड्यात बसलेली असायचीस. एका पावलाची सवय तू माझ्याआधी केलीस. आश्रमातल्या बायका मातीच्या पणत्या करायच्या आणि त्या घासायला तुझ्याकडे यायच्या. हसायचीस, लाडवाचा आकार लहान झालाय म्हणून कुरकुरायचीस. आणि मग कधी ना कधी तो प्रश्न यायचा. रागाने नाही. जुन्या भांडणातलं राहिलेलं एक वाक्य असावं तसा.

"भाऊ, त्या वर्षी गनपतीला का नाय आलात?"

"सुतक होतं गो."

"कोन मेला व्हता?"

आणि मी पिशवीतून केळी काढायचो, किंवा ताईंना हाक मारायचो, किंवा एसटीची वेळ झाली म्हणायचो. तू पुन्हा विचारायची नाहीस, पुढच्या वेळेपर्यंत.

शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हा तुला धाप लागत होती. तुझा हात चादरीवर फिरत होता, एकाच जागी, गोल गोल. मी ठरवून आलो होतो. रोह्याच्या स्टँडवर शब्द जुळवले होते. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस आणि विचारलंस तेच. मी सवयीने म्हणालो, सुतक होतं. तू म्हणालीस, "कोन मेला व्हता?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात नर्स सलाईन बघायला आली. मी म्हणालो, "उद्या सांगतो." तू मान हलवलीस. माझ्यावर अजूनही विश्वास ठेवलास. सकाळी ताईंचा फोन आला.

तर ऐक आता.

कोणी मेलं नव्हतं, शालू. तुझा काका जिवंत होता, तुझ्यासाठी नवं लुगडं घेऊन बसला होता. माझ्या घरात सगळे जिवंत होते. मला माहीत होतं. तू भिंत घासत होतीस तेही मला ऐकू येत होतं. कुलूप बाहेरून होतं, आणि मी बाहेरच होतो.

मला माफ कर गो.